जांभळा रंग उडाला, पण सिद्ध काय झालं? फ्लॅव्होनॉइडवरचे पेपर वाचताना

पेट पास झालात, गाईड मिळाले, आता सिनॉप्सिस लिहायचा आहे. तुम्ही प्राणिशास्त्र, जीवरसायनशास्त्र किंवा बायोटेक्नॉलॉजीचे असाल तर एक विषय तुमच्यासमोर येण्याची शक्यता बरीच आहे: 'अमुक वनस्पतीतल्या फ्लॅव्होनॉइड्सचा, तमुक विषामुळे रॅटच्या यकृतात होणाऱ्या ऑक्सिडेटिव्ह ताणावर संरक्षक परिणाम'. वनस्पती बदलते, विष बदलतं, कधी यकृताच्या जागी मूत्रपिंड येतं. शीर्षकाचा साचा मात्र तोच राहतो.

हा विषय इतका चालतो त्याला सबळ कारणं आहेत. अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यातल्या बहुतेक विज्ञान महाविद्यालयांत स्पेक्ट्रोफोटोमीटर असतो, सेंट्रिफ्यूज असतो, वॉटर बाथ असतो. पळस, जांभूळ, शेवगा आजूबाजूला वाढतात. रसायनं परवडतात आणि आकडे लवकर मिळतात. थोडक्या साधनांत काम उभं करणं यात कमीपणा काहीच नाही. म्हणून मी विषयाची चेष्टा करायला बसलेलो नाही. माझा आक्षेप या साच्यामागच्या युक्तिवादावर आहे. तो असा असतो: वनस्पतीच्या अर्कात फ्लॅव्होनॉइड आहे, फ्लॅव्होनॉइड अँटिऑक्सिडंट आहे, रोगात ऑक्सिडेटिव्ह ताण असतो, अर्क दिल्यावर प्राणी सुधारला, म्हणजे अर्काने ताण शोषून घेतला. ऐकायला सरळ वाटतं. पण यातली जवळजवळ प्रत्येक कडी कच्ची आहे, आणि ती कुठे कच्ची आहे हे कळलं तर याच विषयावर चांगलं काम करता येतं. तेवढंच आज दाखवायचं आहे.

आधी थोडी ओळख

फ्लॅव्होनॉइड म्हणजे पंधरा कार्बनचा सांगाडा असलेल्या संयुगांचं मोठं घराणं: दोन बेंझीन वलयं आणि त्यांना जोडणारे तीन कार्बन. कांद्यातलं क्वेर्सेटिन, चहातली कॅटेचिन्स, सोयाबीनमधलं जेनिस्टीन, जांभळाला रंग देणारी अँथोसायनिन्स, पळसाच्या फुलातलं ब्यूटीन, सगळी याच घराण्यातली. वनस्पती ही संयुगं आपल्या तब्येतीसाठी बनवत नाही. अतिनील किरणांपासून बचाव, किडीला परतवणं, परागीभवन करणाऱ्यांना बोलावणं ही त्यांची कामं. शिवाय निरोप देणं. लसूणघासाच्या बियांतून येणारं ल्युटिओलिन जमिनीतल्या रायझोबियम जिवाणूंची गाठी बनवणारी जनुकं चालू करतं, हे १९८६ मध्ये दाखवलं गेलं. निरोपाचा हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता 'ताण'. पेशीचा ताण म्हटलं की आपण लगेच ऑक्सिडेटिव्ह ताण समजतो. ही संज्ञा हेल्मुट झीस यांनी १९८५ मध्ये रुळवली. पण पेशीला ताण अनेक प्रकारचे येतात. उष्णतेने प्रथिनं उलगडतात, एंडोप्लाझमिक रेटिक्युलममध्ये चुकीच्या घडीची प्रथिनं साचतात, डीएनए तुटतो, ग्लुकोज कमी पडतं. प्रत्येक ताणाला पेशीचं उत्तर वेगळं असतं. पेपरच्या शीर्षकात 'सेल्युलर स्ट्रेस' असेल आणि आत फक्त एमडीए, एसओडी आणि कॅटालेजचे तीन तक्ते असतील, तर पहिला प्रश्न तिथेच विचारायला हवा: तुम्ही कोणत्या ताणाबद्दल बोलताय?

फ्लॅव्होनॉइडबद्दलचा अतिउत्साह नवा नाही. व्हिटॅमिन सीसाठी नोबेल मिळवलेले आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांनी १९३६ मध्ये लिंबू आणि मिरचीतल्या फ्लॅव्होनॉइड्सना 'व्हिटॅमिन पी' म्हटलं. यांच्या अभावाने कोणताही ठरावीक रोग होतो असं पुढे सिद्ध झालं नाही, आणि १९५० च्या सुमारास ते नाव मागे घेण्यात आलं. संयुगं राहिली, व्हिटॅमिन गेलं.

पहिली कडी: परीक्षानळीतला रंग

डीपीपीएच तुम्ही एमएस्सीला केलं असेल. मिथेनॉलमधलं गडद जांभळं द्रावण, त्यात अर्क टाकायचा, रंग फिकट पिवळा होतो, ५१७ नॅनोमीटरला शोषण मोजायचं, आयसी-५० काढायचा. प्रयोग सुटसुटीत आहे आणि रसायनशास्त्र म्हणून बरोबर आहे. अर्कातले रेणू हायड्रोजन किंवा इलेक्ट्रॉन देऊ शकतात, एवढं त्यातून नक्की कळतं.

पण डीपीपीएच हे मूलक कुठल्याही सजीव पेशीत नसतं. पेशीतली मूलकं क्षणार्धात विक्रिया करून संपतात, तर डीपीपीएच बाटलीत दिवसेंदिवस टिकतं, म्हणून तर ते विकत मिळतं. शिवाय पेशीत मिथेनॉल नसतं. एबीटीएस आणि फ्रॅप यांची गोष्ट थोड्याफार फरकाने तीच. अमेरिकेच्या कृषी विभागाने याच जातीच्या 'ओरॅक' चाचणीनुसार खाद्यपदार्थांचा मोठा तक्ता आपल्या संकेतस्थळावर ठेवला होता. २०१२ मध्ये त्यांनी तो काढून टाकला. या आकड्यांचा माणसाच्या आरोग्यावरील परिणामाशी संबंध दिसत नाही आणि कंपन्या जाहिरातीत त्यांचा गैरवापर करतात, असं कारण दिलं. तरीही 'आमच्या अर्काचा आयसी-५० कमी, म्हणून तो मधुमेहात उपयोगी' असं वाक्य आजही पेपरांत सापडतं. या 'म्हणून'ला आधार नाही. डीपीपीएच अर्काची प्रत तपासायला वापरा, रोगाबद्दल बोलायला नको.

दुसरी कडी: पेशींची प्लेट

बरं, परीक्षानळी सोडून पेशींकडे येऊ. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून एचईपीजी-२ पेशी मागवल्या, हायड्रोजन पेरॉक्साइड देऊन ताण दिला, क्वेर्सेटिन टाकलं, एमटीटी आणि डीसीएफ केलं. आता तरी पेशीबद्दल काही कळलं का? कळू शकतं, पण तीन सापळे टाळले तरच.

एक, एमटीटी. जिवंत पेशी या पिवळ्या रंगाचं जांभळ्या फॉर्मझानमध्ये क्षपण करतात, म्हणून जांभळा रंग म्हणजे जिवंतपणा असं आपण धरतो. पण क्षपण करणं हाच तर फ्लॅव्होनॉइडचा गुण! पेशी नसलेल्या खळग्यातसुद्धा क्वेर्सेटिन एमटीटीला जांभळं करू शकतं. म्हणजे पेशी मेलेल्या आणि आकडा सांगतो जिवंत. उपाय अगदी स्वस्त आहे: पेशी नसलेला, फक्त माध्यम आणि संयुग असलेला खळगा ठेवा, आणि एमटीटी टाकण्याआधी संयुग धुऊन काढा.

दोन, डीसीएफ. हिरवी चमक म्हणजे 'आरओएस' असं सरसकट लिहिलं जातं. हा रंग हायड्रोजन पेरॉक्साइडशी थेट विक्रिया करत नाही, त्याला लोह किंवा पेरॉक्सिडेज लागतं. त्यामुळे चमक कमी झाली तर पेरॉक्साइड कमी झालं, की लोह बांधलं गेलं, की संयुगाने त्या रंगाचंच मूलक विझवलं, हे सांगता येत नाही. या क्षेत्रातल्या बऱ्याच नामवंतांनी मिळून २०२२ मध्ये 'नेचर मेटाबोलिझम'मध्ये मोजमापाची मार्गदर्शक तत्त्वं छापली. सिनॉप्सिसच्या आधी ती वाचाच.

तीन, माध्यम. सन २००० मध्ये ली हुआ लाँग, बॅरी हॅलिवेल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की क्वेर्सेटिन आणि चहातलं ईजीसीजी नेहमीच्या कल्चर माध्यमात टाकलं की ते स्वतःच ऑक्सिडाइज होतं आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं. त्यासाठी पेशीसुद्धा लागत नाहीत. 'फ्लॅव्होनॉइडने कॅन्सरच्या पेशी मारल्या' या दाव्यांपैकी काहींत खरा मारेकरी माध्यमात तयार झालेलं पेरॉक्साइड असू शकतो. तपासणं सोपं आहे: माध्यमात कॅटालेज टाका. परिणाम नाहीसा झाला, तर तुमचा शोध फ्लास्कबद्दलचा आहे, कॅन्सरबद्दलचा नाही.

एन्झाइमवर काम करणाऱ्यांसाठी चौथाही सापळा आहे. क्वेर्सेटिनचे रेणू पाण्यात गोळा होऊन सूक्ष्म गुठळ्या बनवतात, आणि एन्झाइम त्या गुठळ्यांना चिकटून निकामी होतं. मग आपण 'इनहिबिटर सापडला' म्हणून खूश होतो. थोडंसं ट्रायटन एक्स-१०० घालून प्रयोग पुन्हा करा. परिणाम गेला तर तो गुठळ्यांचा होता.

तिसरी कडी: कांदा खाल्ल्यावर रक्तात काय पोहोचतं?

महाराष्ट्रात बसून क्वेर्सेटिनबद्दल बोलायचं तर कांदा हवाच. शंभर ग्रॅम कांद्यात साधारण २० ते ४० मिलिग्रॅम क्वेर्सेटिन मिळतं, लाल कांद्यात जास्त. पण ते मोकळं नसतं, ग्लुकोजला जोडलेलं असतं. नेदरलँड्सच्या पीटर होलमन यांच्या गटाने १९९५ मध्ये मोठं आतडं काढलेल्या स्वयंसेवकांमध्ये शोषण मोजलं. कांद्यातल्या ग्लुकोजबद्ध रूपाचं शोषण ५२ टक्के, शुद्ध क्वेर्सेटिनचं २४ टक्के आणि रुटिनचं १७ टक्के निघालं. रेणू एकच, साखर बदलली की हिशेब बदलला. 'टोटल फ्लॅव्होनॉइड कंटेंट इतका मिलिग्रॅम' या एका आकड्यात हे सगळं हरवून जातं.

पुढची गोष्ट आणखी महत्त्वाची. आतड्याच्या भिंतीत आणि यकृतात क्वेर्सेटिनला ग्लुक्युरोनिक आम्ल, सल्फेट किंवा मिथाइल गट जोडला जातो. रक्तात फिरतं ते क्वेर्सेटिन-३-ग्लुक्युरोनाइड आणि त्याची भावंडं. मोकळं क्वेर्सेटिन जवळजवळ नसतंच. ही सगळी रूपं मिळूनसुद्धा कांद्याच्या जेवणानंतर रक्तद्रवातली पातळी एक मायक्रोमोलरच्या आसपास किंवा खालीच राहते. आणि पेपरांत पेशींना किती दिलेलं असतं? १० ते १०० मायक्रोमोलर, तेही मोकळं क्वेर्सेटिन. म्हणजे रक्तात जे नसतं ते, आणि जितकं नसतं तितकं.

आता एक हिशेब करा. पेशीत ग्लुटाथायोन नावाचा स्वतःचा अँटिऑक्सिडंट १ ते १० मिलिमोलर असतो. फ्लॅव्होनॉइड पेशीत अगदी १ मायक्रोमोलर पोहोचला असं धरलं तरी ग्लुटाथायोन त्याच्या हजार ते दहा हजार पट आहे. शिवाय ऑक्सिडाइज झालेलं ग्लुटाथायोन पेशी पुन्हा भरून घेते आणि मदतीला कॅटालेज, पेरॉक्सिरेडॉक्सिन आहेतच. भरलेल्या विहार तलावात तुम्ही एक तांब्या पाणी ओतलं आणि म्हणालात, मुंबईची तहान मी भागवली, तर कोण ऐकेल? फ्लॅव्होनॉइड मूलकांना 'खातात' हे स्पष्टीकरण शरीराच्या आत बहुतेक वेळा याच साध्या गणितावर पडतं. आतड्याची पोकळी हा अपवाद. तिथे संहती खरोखर जास्त असते.

चौथी कडी: आधी औषध, मग विष

रॅटवरच्या प्रयोगाचा नेहमीचा आराखडा तुम्हाला पाठ असेल. सात किंवा चौदा दिवस अर्क, मग कार्बन टेट्राक्लोराइड किंवा पॅरासिटामॉल, मग एएलटी, एएसटी आणि यकृताची स्लाइड. अर्काच्या गटात एएलटी कमी, निष्कर्ष: अँटिऑक्सिडंट गुणामुळे संरक्षण.

थांबा. कार्बन टेट्राक्लोराइड स्वतः फारसं काही करत नाही. यकृतातलं सायटोक्रोम पी-४५०, मुख्यतः सीवायपी-२ई१, त्याचं ट्रायक्लोरोमिथाइल मूलक बनवतं आणि ते घात करतं. पॅरासिटामॉलचंही तसंच, त्यातून एनएपीक्यूआय बनतं. आणि अनेक फ्लॅव्होनॉइड्स सायटोक्रोम एन्झाइम्सना अडवतात. म्हणजे अर्काने विष तयारच होऊ दिलं नाही, अशी शक्यता आहे. जखम कमी झाली म्हणून एमडीएही कमी दिसला. अँटिऑक्सिडंट गुणाशी त्याचा संबंधच नसेल! अर्क देऊन सीवायपी-२ई१ ची क्रिया मोजलेली नसेल, तर पेपरचा निष्कर्ष अधांतरी आहे.

शिवाय, खरा रुग्ण विषबाधेआधी चौदा दिवस अर्क घेऊन बसलेला नसतो. तो गोळ्या खाल्ल्यावर हॉस्पिटलात येतो. पॅरासिटामॉलवरचा उतारा एन-असिटाइलसिस्टीन नंतर देऊनही चालतो, म्हणून तो उतारा आहे. तुमच्या प्रयोगात विषानंतर अर्क दिलेला एक तरी गट ठेवा. अशा प्रयोगात सहा गट आणि प्रत्येकात सहा रॅट म्हणजे ३६ जीव जातात. नैतिकता समितीचा फॉर्म भरताना हा आकडा आपण यांत्रिकपणे लिहितो. प्रश्नच चुकीचा मांडला असेल तर ते जीव फुकट गेले.

मग फ्लॅव्होनॉइड्स करतात तरी काय?

इथवर वाचून 'हे सगळं खोटंच' असं वाटलं असेल, तर तेही चूक. फ्लॅव्होनॉइड्सचे परिणाम खरे आहेत, काही तर जोरदार आहेत. फक्त स्पष्टीकरण वेगळं आहे, आणि माझ्या मते जास्त रंजक आहे.

सुरुवातीला निरोपाबद्दल म्हटलं होतं, ते इथे येतं. पेशीत केईएपी-१ नावाचं प्रथिन एनआरएफ-२ या दुसऱ्या प्रथिनाला धरून ठेवतं आणि नष्ट करायला पाठवतं. केईएपी-१ वर सिस्टीनचे संवेदनशील गट असतात. क्वेर्सेटिन ऑक्सिडाइज होऊन क्विनोन बनलं की ते या सिस्टीनला चिकटू शकतं. मग एनआरएफ-२ सुटतं, केंद्रकात जातं आणि हीम ऑक्सिजनेज-१, एनक्यूओ-१, ग्लुटाथायोन बनवणारी एन्झाइम्स यांची जनुकं चालू करतं. म्हणजे ज्याला आपण अँटिऑक्सिडंट म्हणतो, तो इथे किंचित ऑक्सिडंटासारखा वागून पेशीला सावध करतो. जागी झालेली पेशी पुढची कामं स्वतः करते. तलाव आणि तांब्याचं गणित इथे आड येत नाही, कारण निरोपाला थोडे रेणू पुरतात.

मुंबईतलंच उदाहरण घ्या. तुर्भ्याच्या, म्हणजे ट्रॉम्बेच्या, भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या गटाने बैकॅलीन या फ्लॅव्होनॉइडवर काम केलं आणि २०१७ मध्ये दाखवलं की उंदराच्या टी-सेल लिंफोमाच्या पेशी ते थायोरेडॉक्सिन यंत्रणा रोखून मारतं. थायोरेडॉक्सिन ही पेशीची ऑक्सिडेशनविरोधी फळी. ती पाडणाऱ्या संयुगाला नुसतं 'अँटिऑक्सिडंट' कसं म्हणणार? पेशी कोणती, संहती किती, ती आधीच ताणात आहे का, यावर दिशा ठरते.

उष्णतेच्या ताणाचं उदाहरण तर कोड्यासारखं आहे. १९९० पासून प्रयोगशाळेत क्वेर्सेटिन वापरतात ते हीट शॉक प्रथिनं, विशेषतः एचएसपी-७०, बनू न देण्यासाठी. म्हणजे उष्णतेविरुद्धची पेशीची ढाल काढून घ्यायला. दुसरीकडे उन्हाळ्यात ब्रॉयलर कोंबड्यांचा उष्णतेचा ताण कमी करायला खाद्यातून क्वेर्सेटिन देण्याचे प्रयोग होतात आणि फायदा झाल्याचे निष्कर्ष छापले जातात. कोंबडीच्या पेशीत त्या संहतीला एचएसपी-७० वाढतं की घटतं, आणि घटत असेल तर ताण कमी झाला म्हणून की ढालच गेली म्हणून? हा प्रश्न नीट विचारणारा सिनॉप्सिस मला वाचायला आवडेल.

सिलीमारिनची गोष्टही अशीच. दुधी काटेरी झाडाच्या बियांमधल्या या फ्लॅव्होनॉइडजातीय मिश्रणाच्या गोळ्या आणि सिरप माणसांना आणि कुत्र्यांनाही लिव्हरसाठी सर्रास दिले जातात. त्यातल्या सिलिबिनिनचं सर्वात भक्कम काम आहे ते अमानिटा या विषारी अळंबीच्या बाधेत. १९८४ मध्ये बीगल कुत्र्यांना आधी विष आणि नंतर सिलिबिनिन देऊन संरक्षण मिळाल्याचं दाखवलं गेलं. क्रम पाहा, विषानंतर औषध. आणि हे घडतं कसं? अळंबीचं विष ज्या वाहक प्रथिनांच्या दारातून यकृताच्या पेशीत शिरतं, ती दारं सिलिबिनिन अडवतं. इतकी वर्षं अँटिऑक्सिडंट म्हणून मिरवलेल्या संयुगाचा सर्वात चांगला पुरावा दरवाजा अडवण्याचा आहे!

प्राणी म्हणजे छोटा माणूस नव्हे

'अ‍ॅनिमल मॉडेल' म्हणताना आपण प्राण्याचं स्वतःचं शरीर विसरतो. पशुवैद्यकाकडून शिकण्यासारखं इथे खूप आहे. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा एक परिसर गोरेगावला आरेमध्येच आहे, आणि आरे व जोगेश्वरीचे म्हशींचे तबेले आपल्या शेजारीच.

१९४० च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात एका जातीच्या क्लोव्हरच्या कुरणावर चरणाऱ्या मेंढ्या वांझ होऊ लागल्या. गुन्हेगार होतं फॉर्मोनोनेटिन, एक आयसोफ्लॅव्होन. मेंढीच्या कोठीपोटातले जिवाणू त्यापासून इक्वोल बनवतात आणि ते इस्ट्रोजेनसारखं वागतं. अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांत चित्त्यांना यकृताचे आजार आणि वंध्यत्व का येतं, याचा शोध घेताना १९८७ मध्ये खाद्यातल्या सोयाकडे बोट दाखवलं गेलं. मार्जारकुळातल्या प्राण्यांना ग्लुक्युरोनिक आम्ल जोडून असे रेणू बाहेर टाकणं नीट जमत नाही, हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. हेच कुळ पॅरासिटामॉललाही बळी पडतं.

रवंथ करणाऱ्यांचा हिशेब तर उलटाच. वर पाहिलं की माणसात रुटिनचं शोषण शुद्ध क्वेर्सेटिनपेक्षा कमी. २०१२ मध्ये गायींच्या कोठीपोटात दोन्ही सोडून पाहिलं, तर रुटिनमधून क्वेर्सेटिन जास्त मिळालं. मोकळं क्वेर्सेटिन कोठीपोटातले जिवाणू आधीच फोडून टाकतात. म्हणजे रॅटवर चाललेला डोस किलोने गुणून म्हशीला देता येत नाही.

आणि पुन्हा कांदा. भाव पडले की नाशिककडे तो जनावरांपुढे टाकला जातो. 'अँटिऑक्सिडंटने भरलेला' हाच कांदा जास्त प्रमाणात गाय, कुत्रा किंवा मांजराच्या पोटात गेला तर त्यातली गंधकाची संयुगं हिमोग्लोबिन ऑक्सिडाइज करतात, तांबड्या पेशींत हाइन्झ बॉडीज दिसतात आणि रक्तक्षय होतो. मांजराला तर किलोमागे पाच ग्रॅम कांदासुद्धा त्रास देऊ शकतो. त्याच कांद्यात क्वेर्सेटिन होतंच की! त्याने वाचवलं नाही. 'अर्क' म्हणजे एक रेणू नसतो, हे याहून स्पष्ट कसं सांगणार?

माणसांवरच्या चाचण्या काय म्हणतात

सिलीमारिनची नीट चाचणी अमेरिकेत हिपॅटायटिस सीच्या १५४ रुग्णांवर झाली आणि २०१२ मध्ये 'जामा'त छापली गेली. नेहमीपेक्षा मोठे डोस २४ आठवडे देऊनही एएलटी प्लासिबोपेक्षा कमी झालं नाही. २०२२ मध्ये आलेल्या 'कॉसमॉस' चाचणीत एकवीस हजारांवर ज्येष्ठांमध्ये कोकोतले फ्लॅव्हॅनॉल तपासले गेले. हृदयविकाराच्या एकूण घटनांत ठोस घट दिसली नाही, हृदयविकाराने होणारे मृत्यू मात्र कमी दिसले. ही पाठ थोपटून घेण्यासारखी गोष्ट नाही आणि फेकून देण्यासारखीही नाही. तो पुढच्या चाचणीचा प्रश्न आहे.

'नैसर्गिक आहे, नुकसान तर नाही ना' असं घरी कुणी म्हणालं तर हेही सांगा: युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये नोंदवलं की पूरक गोळ्यांमधून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक ईजीसीजी घेतल्यास यकृताची एन्झाइम्स वाढतात. चहाच्या कपात तेवढं नसतं, गोळीत असू शकतं. आपल्या पेपरचं शेवटचं वाक्य कुणीतरी वेष्टनावर छापतं आणि यकृताचा रुग्ण ते वाचून पैसे मोजतो. त्यामुळे ते वाक्य जपून लिहायला हवं.

सिनॉप्सिस लिहिताना

विषय बदलायची गरज नाही, प्रश्न बदला. मी पेपर वाचताना किंवा आराखडा तपासताना या गोष्टी पाहतो:

१. वनस्पतीची ओळख. सेंट झेवियर्सच्या ब्लॅटर हर्बेरियममधून नमुना पडताळून घेतला आहे का? बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून आणलेली असेल तर वनखात्याची परवानगी आहे का?

२. रेणूची ओळख. 'टोटल फ्लॅव्होनॉइड'वर थांबू नका. पवईला आयआयटीच्या सैफमध्ये बाहेरच्या विद्यार्थ्यांनाही शुल्क भरून नमुने तपासून मिळतात. एक एलसी-एमएस दहा डीपीपीएचपेक्षा जास्त सांगतो.

३. संहती. पेशींना दिलेला डोस रक्तात शक्य आहे का? शक्य असेल तर ग्लुक्युरोनाइड रूपही तपासा.

४. कंट्रोल. पेशी नसलेला खळगा, माध्यमात कॅटालेज, एन्झाइमसाठी ट्रायटन. तिन्ही स्वस्त आहेत.

५. क्रम. विषानंतर उपचाराचा गट, आणि विष तयार करणाऱ्या एन्झाइमचं मोजमाप.

६. कारण. एनआरएफ-२ वाढलं एवढं पुरत नाही. एनआरएफ-२ बंद केल्यावर परिणाम जातो का? जात नसेल तर स्पष्टीकरण दुसरं शोधा.

७. नकारात्मक निकाल. 'परिणाम दिसला नाही' हे लिहायची तयारी पहिल्या दिवसापासून ठेवा आणि गाईडशी तसं बोलून घ्या.

यातल्या निम्म्या गोष्टींना महागडं यंत्र लागत नाही. पेशी नसलेल्या एका खळग्याला किती खर्च येतो? आणि तो न ठेवल्याने पाच वर्षांच्या कामाचा पाया ठिसूळ राहिला, तर व्हायवाला परीक्षक तेवढंच विचारतील. आधी आपणच विचारलेलं बरं.